वाट चुकलेली अंतराळयाने

संकट ही मनुष्याच्या बुद्धीची खरी कसोटी होय. कणग्या धान्याने भरलेल्या असताना स्वयंपाक करणे कोणासही साधते. परंतु कोंड्याचा मांडा करून घरच्या माणसांच्या मुखी चार घास घालते, तीच खरी सुगरण. ही गोष्ट घरात जितकी खरी, तितकीच भर समुद्रात खरी आणि अंतराळातही खरी आहे. म्हणूनच निर्जन बेटावर किंवा अनोळखी ग्रहावर अडकून पडलेल्या माणसांच्या कथा सर्व देशांतील लोकांना फार आवडत आल्या आहेत.

अशा कथांचा मूळपुरुष म्हणजे रॉबिन्सन क्रूसो. डॅनिएल डीफो या इंग्रज लेखकाने 1719 साली ही कादंबरी प्रसिद्ध केली. जहाज फुटल्यामुळे क्रूसो एकटाच एका बेटाच्या किनाऱ्यास लागतो. आपल्या दैवाला दोष देत तो फार काळ बसत नाही. तराफा बांधून तो फुटक्या जहाजावर पुनःपुन्हा जातो आणि हत्यारे, खाद्यपदार्थ, दोर, शिडाचे कापड असे जे हाती लागेल ते किनाऱ्यावर आणतो. खांबावर रोज एक खाच पाडून तो दिवसांची मोजदाद ठेवतो. इतकेच नव्हे, तर कागदावर दोन रकाने आखून एकात आपल्यावर ओढवलेली संकटे व दुसऱ्यात आपल्या जमेच्या गोष्टी तो लिहून काढतो. आपल्याजवळ काय नाही यापेक्षा काय आहे, हे आधी पाहावे, असा या हिशेबाचा अर्थ आहे.

विसाव्या शतकात मनुष्याचे लक्ष समुद्राकडून आकाशाकडे वळले आणि क्रूसोचे बेटही अंतराळात गेले. 1965 साली अमेरिकेत ‘लॉस्ट इन स्पेस’ नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्यातील कुटुंबाचे आडनाव रॉबिन्सन असेच ठेवलेले आहे. हे कुटुंब ‘ज्युपिटर 2’ या यानातून अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे निघते. हा तारा आपल्यापासून चार प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर कापतो, त्यास प्रकाशवर्ष म्हणतात. ते सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरते. यानाचा घातपात करू पाहणारा डॉक्टर स्मिथ स्वतःच त्यात अडकून पडतो. त्याच्या वजनामुळे यानाचा मार्ग बदलतो आणि सर्वच प्रवासी वाट चुकतात. म्हणजे ज्याने संकट ओढवून आणले, त्यालाही बरोबर घेऊनच जगण्याची पाळी या कुटुंबावर येते!

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. क्रूसोच्या बेटावर पिण्यास पाणी होते, रानात बकऱ्या होत्या आणि श्वास घेण्यास हवी तेवढी हवा होती. अंतराळात यांपैकी काहीच नसते. एका माणसास दिवसाकाठी सुमारे 840 ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि तो सुमारे एक किलोग्रॅम कर्बद्विप्राणिद वायू उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. हा वायू बंद जागेत साठत गेला, तर प्राणवायू शिल्लक असूनही माणूस गुदमरतो. पाण्याचीही तीच गत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घाम, उच्छ्वासातील बाष्प आणि मूत्रसुद्धा शुद्ध करून त्यांचे पुन्हा पिण्याचे पाणी करतात. तेथे सुमारे 98 टक्के पाणी परत मिळविण्यात 2023 साली यश आले. हवा, पाणी, अन्न आणि ऊर्जा या चार गोष्टींपैकी एकीचाही हिशेब चुकला, तरी यानातील माणसे जगू शकत नाहीत. अंतराळातील कथांना धार येते ती यामुळेच.

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ ही मालिका 1995 ते 2001 या काळात दाखविली गेली. तिच्यातील ‘व्हॉयेजर’ हे यान एका अज्ञात शक्तीमुळे स्वदेशापासून सुमारे 70,000 प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. पूर्ण वेगाने निघाले, तरी घरी पोहोचण्यास सुमारे 75 वर्षे लागणार! या यानावर बटण दाबताच तयार अन्न देणारी यंत्रे आहेत. परंतु त्यांना ऊर्जा फार लागते. म्हणून प्रत्येकास अन्नाचा वाटा ठरवून दिला जातो. मालाच्या एका कोठारात भाज्यांची बाग लावली जाते आणि कप्तानाच्या खास भोजनगृहात सर्वांसाठी चूल पेटते. कप्तान कॅथरिन जेनवे हिला कॉफी अतिशय प्रिय. परंतु ऊर्जा वाचावी म्हणून तीही आपल्या पेल्याचा मोह आवरते. जो नियम सर्वांस लावावयाचा, तो नायकाने आधी स्वतःस लावून घ्यावा, तरच तो पाळला जातो, हे या लहानशा प्रसंगावरून दिसून येते. याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. या यानावर दोन परस्परविरोधी गटांचे लोक एकत्र येतात. जेनवे विरोधी गटाच्या प्रमुखास आपला उपकप्तान नेमते, आणि यंत्रविभागही त्याच गटातील एका कुशल स्त्रीच्या हाती देते. कालचे शत्रू आज एकाच होडीत बसलेले असतील, तर वल्ही सर्वांनी मिळूनच मारावी लागतात.

2004 साली सुरू झालेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेत तर उरलीसुरली सारी मानवजातच यानांच्या एका तांड्यातून पळत असते. शत्रू दर 33 मिनिटांनी गाठतो. त्यामुळे कोणासही झोप मिळत नाही. अध्यक्षा लॉरा रॉझलिन एका फलकावर जिवंत माणसांचा आकडा लिहून ठेवतात. प्रत्येक हल्ल्यानंतर तो आकडा कमी होत जातो. शेवटी तांड्यातील एका यानावर मूल जन्मास येते आणि त्या आपल्या हाताने आकड्यात एकाची भर घालून 47,973 असे लिहितात. हिशेबाचा आकडा एरवी नीरस वाटतो. परंतु एका जीवाचीही नोंद राहिली पाहिजे, अशी माया त्यामागे असली, म्हणजे तोच आकडा मनास चटका लावून जातो.

‘लॉस्ट इन स्पेस’ ही मालिका 2018 साली नव्या रूपात आली. तीत एका ग्रहावर रॉबिन्सन कुटुंबाच्या यानातील वीज संपते. दूर समुद्रापलीकडे विजा सतत कडाडत असतात. ती वीज मिळविता यावी म्हणून हे लोक आपल्या अंतराळयानासच डोलकाठी व शीड बसवून ते समुद्रात लोटतात! अतिप्रगत यंत्र बंद पडले असता अतिप्राचीन विद्या उपयोगी पडते, हे या प्रसंगाचे मर्म होय.

या कथांत उणिवा नाहीत, असे नाही. आज मोडलेले यान पुढच्या भागात नव्यासारखे चकचकीत दिसते. कधी अगदी ऐन वेळी एखादे अद्भुत यंत्र सापडते आणि पेच आपोआप सुटतो. खऱ्या संकटात असे घडत नाही. खऱ्या संकटात काय घडते, हे पाहावयाचे असेल, तर ‘अपोलो 13’ची हकिकत वाचावी.

हे यान 11 एप्रिल 1970 रोजी चंद्राकडे निघाले. त्यात जिम लव्हेल, जॅक स्वायगर्ट व फ्रेड हेझ हे तीन अंतराळवीर होते. 13 एप्रिल रोजी, पृथ्वीपासून सुमारे 3 लाख 20 हजार किलोमीटर अंतरावर, प्राणवायूची एक टाकी फुटली आणि मुख्य यानाची वीज नाहीशी होऊ लागली. तिघांनी चंद्रावर उतरण्यासाठी बरोबर नेलेल्या लहान यानाचा आश्रय घेतला. ते यान दोन माणसांना दोन दिवस पुरावे अशा बेताने बांधलेले होते. आता तिघांना सुमारे चार दिवस त्यावर काढावयाचे होते. वीज वाचविण्यासाठी बहुतेक उपकरणे बंद केली. पाणी दिवसाला प्रत्येकी पेलाभरावर आले. आत हुडहुडी भरविणारी थंडी पडली.

तशातच कर्बद्विप्राणिद वायू वाढू लागला. तो शोषून घेणारे डबे मुख्य यानात भरपूर होते, पण ते चौकोनी होते. लहान यानातील डबे गोल होते, त्यामुळे चौकोनी डबे तेथे बसेनात. तेव्हा पृथ्वीवरील तंत्रज्ञांनी, यानात ज्या वस्तू होत्या नेमक्या त्याच आपल्यापुढे मांडल्या : प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठे, अंतराळपोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी. त्यांतून त्यांनी एक जोड तयार केला आणि त्याची कृती रेडिओवरून एकेक पायरी सांगितली. अंतराळवीरांनी तो जोड बसविताच विषारी वायूचे प्रमाण उतरू लागले. चंद्राला वळसा घालून 17 एप्रिल रोजी तिघेही पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले. या सुटकेत अद्भुत असे काहीच नव्हते. तंत्रज्ञांना आपल्या सामानाची अचूक माहिती होती आणि संकटातही त्यांची बुद्धी शांत होती.

क्रूसोचे दोन रकाने, जेनवेची कोठारातील बाग, रॉझलिन यांचा फलक आणि तंत्रज्ञांपुढील पुठ्ठे व पिशव्या ही एकाच माळेतील मणी आहेत. वाट चुकलेल्या माणसास धैर्य लागतेच. पण नुसत्या धैर्याने भागत नाही. जवळचे सामान मोजावे, त्याचा नवा उपयोग शोधावा, वाटा सर्वांना सारखा द्यावा आणि बरोबरच्या माणसास परके मानू नये, एवढे साधले म्हणजे परतीची वाट सापडण्याची आशा राहते. या गोष्टी ऐन संकटात एकाएकी अंगी येत नाहीत. त्या रोजच्या जीवनातच अंगी बाणवाव्या लागतात; आणि त्यासाठी अंतराळात जाण्याची मुळीच आवश्यकता नाही.