पीएलसी व मोटार ड्राइव्ह यांमधील माहितीचे वहन : साखर कारखान्यातील केन कॅरिअरच्या संदर्भात

प्रस्तावना :
विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊस व साखर कारखाना ही पुढे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची ओळख बनली. गव्हाणीत टाकलेला ऊस केन कॅरिअरवरून पुढे सरकतो. मिलच्या तोंडाशी असलेल्या उभ्या चुटमधील उसाची पातळी स्थिर राखण्यासाठी कॅरिअरचा वेग सतत कमी-अधिक करावा लागतो. स्वयंचलित पद्धतीत वेग किती असावा हे पीएलसी ठरवतो आणि ड्राइव्ह त्यानुसार मोटारीचा वेग बदलतो. या दोहोंमधील माहितीच्या वहनाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जोडणी :
मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली मॉडबस पद्धती आजही अशा कामी वापरली जाते. आरएस-४८५ जोडणीत प्रत्येक ड्राइव्हला १ ते २४७ यांपैकी स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. वहनाचा वेग व पॅरिटी दोन्ही बाजूंस सारखी असावी लागते. येथे चूक झाल्यास उत्तरच येत नाही. म्हणजे ती चूक लपून राहत नाही.

आकड्याचा अर्थ :
खरी अडचण संपर्क जुळल्यानंतरची आहे. मॉडबस केवळ १६ बिटांची संख्या पोहोचवते, तिचा अर्थ पोहोचवत नाही. समजा, ५० हर्ट्झच्या मोटारीस ३० हर्ट्झ, म्हणजे ६० टक्के वेग द्यावयाचा आहे. काही ड्राइव्हमध्ये १६३८४ म्हणजे १०० टक्के. तेथे ९८३० ही संख्या पाठवावी लागेल. ज्या ड्राइव्हमध्ये २०००० म्हणजे १०० टक्के, तेथे याच संख्येने सुमारे २४.६ हर्ट्झ मिळतील. आणि हर्ट्झच्या शतांश भागात मोजणाऱ्या ड्राइव्हला ती ९८.३० हर्ट्झची आज्ञा वाटेल!

बाइटांच्या क्रमाचेही तसेच. ९८३० ही संख्या षोडशमान पद्धतीत २६६६ अशी लिहिली जाते. पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये बाइटांची अदलाबदल झाल्यास ६६२६, म्हणजे दशमान २६१५० ही संख्या ड्राइव्हकडे जाते. संदेशासोबतची सीआरसी तपासणी यांपैकी एकही चूक पकडत नाही, कारण संदेश जसा निघाला तसाच पोहोचलेला असतो. म्हणून पीएलसीने पाठवलेला वेग ड्राइव्हच्या पडद्यावरील वेगाशी किमान दोन-तीन निरनिराळ्या मूल्यांवर पडताळणे अनिवार्य होय. शून्यावर सर्वच पद्धती जुळतात. त्या एका पडताळणीने काहीच सिद्ध होत नाही.

संपर्क तुटल्यास :
संदेश ठराविक वेळेत न आल्यास काय करावे, हे ड्राइव्हमध्ये आधीच ठरवून द्यावे लागते. कॅरिअरचा ड्राइव्ह शेवटच्या वेगाने चालूच राहिला, तर चूट भरूनही ऊस येत राहील व मिल तुंबेल. तो थांबला, तर उसाचा पुरवठा तेवढा खंडित होईल. कॅरिअरसाठी थांबणेच योग्य. परंतु हीच सेटिंग बॉयलरच्या आयडी फॅनला लावणे धोक्याचे आहे. पंखा एकाएकी थांबला तरी भट्टीतील बगॅस जळतच राहतो, त्यामुळे तेथे काही काळ शेवटचा वेग टिकवून इशारा देणे अधिक सुरक्षित ठरते. आपत्कालीन थांब्याची तार मात्र दोन्ही ठिकाणी या वहनावर अवलंबून न ठेवता स्वतंत्रच असावी. हंगामापूर्वी कॅरिअर रिकामा असताना संपर्काची केबल मुद्दाम काढून ही सर्व व्यवस्था तपासता येते.