कानांनी पाहिलेली शर्यत

जबलपूरला ज्याने काही वर्षे घालविली आहेत, त्याला एक प्रसंग चांगला परिचयाचा असेल. गन कॅरेज फॅक्टरीतून किंवा व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ संध्याकाळी ओट्यावर गप्पा मारीत बसलेले असतात. रस्त्याच्या वळणापलीकडून, अद्याप दृष्टीस न पडलेल्या गाडीचा आवाज येतो. गृहस्थ बोलता बोलता थांबतात आणि म्हणतात, "जोंगा आहे." गाडी समोर येते तेव्हा ती जोंगाच असते. या गाडीच्या नावाचे पहिले अक्षरच जबलपूरचे आहे. निस्सान कंपनीच्या पॅट्रोल गाडीवरून ती येथे सैन्यासाठी तयार होऊ लागली आणि १९९९ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्याही आधी, १९५९ पासून, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने येथे 'शक्तिमान' ट्रक बनू लागले होते. तेही आता बनत नाहीत. कारखान्याची यंत्रे बदलली, नमुने बदलले. परंतु ज्या कानांत त्या इंजिनांचा आवाज एकदा बसला तो तेथून हलत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, अमेरिकेतील जुन्या मोटार-शर्यतींच्या रसिकांनी लिहून ठेवलेल्या आठवणी मी प्रथम वाचावयास घेतल्या, तेव्हा त्या मला मुळीच परक्या वाटल्या नाहीत. आठवण कोणाचीही असो, ती बहुधा आवाजापासून सुरू होते. वडिलांचे बोट धरून लाकडी पायऱ्यांच्या प्रेक्षागृहाकडे जाताना, कुंपणाआड मोटारी दिसण्यापूर्वीच, त्यांची गर्जना छातीत घुमू लागली, असे हे लोक लिहितात. कोण जिंकले हे पुष्कळांना आठवत नाही. अंगावर उडालेली ढेकळे आणि जळत्या तेलाचा वास मात्र पक्का आठवतो.

या शर्यती आपल्याकडील वाचकांना विशेष ठाऊक नाहीत, म्हणून त्यांचे स्वरूप थोडे सांगावयास हवे. युरोपातील मोटार-शर्यत नागमोडी रस्त्यावरून धावते. अमेरिकेतील ही परंपरा बंदिस्त, लंबवर्तुळाकार मैदानावर वाढली. मोटारी उघड्या चाकांच्या, म्हणजे चाकांवर पंखे अथवा झाकणे नसलेल्या, एका माणसापुरत्या असतात आणि सर्वकाळ डावीकडेच वळतात. हे वर्णन ऐकून कोणी म्हणेल, की घाण्याच्या बैलानेही हेच केले असते. प्रथमदर्शनी मलाही तसेच वाटले होते. परंतु पुष्कळशी मैदाने मूळची घोड्यांच्या शर्यतीची होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतीमालाची आणि जनावरांची वार्षिक जत्रा भरे, तेथे अर्धा मैल किंवा एक मैल घेराची मातीची धाव असे. घोडे धावून गेले की त्याच मातीत मोटारी उतरत. विदर्भातील शंकरपट ज्याने पाहिला आहे त्याला ही गर्दी, हा धुरळा आणि आपल्या गावच्या जोडीविषयीचा हा अभिमान वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मातीवर मोटार वळविण्याची विद्या मात्र खरोखर विलक्षण होती. वळणापाशी चालक मोटारीचा मागचा भाग मुद्दाम बाहेरच्या बाजूस घसरू देई. मोटार आडवी होई, आणि वळण डावीकडचे असताना पुढची चाके उजवीकडे रोखलेली दिसत. आता मोटारीची दिशा स्टिअरिंगपेक्षा इंजिनाच्या जोरावर अधिक अवलंबून असे. जोर थोडा वाढविला की शेपूट आणखी बाहेर, थोडा कमी केला की आत. म्हणजे चालक पायाने मोटार वळवीत असे, असे म्हणावयास हरकत नाही; आणि आवाजाच्या चढउतारावरून जाणता प्रेक्षक डोळे मिटूनही सांगू शके की वळण कसे घेतले गेले. फिलाडेल्फियाजवळ लँगहॉर्न येथे १९२६ साली सुरू झालेले मैदान एक मैलाचे आणि जवळजवळ शुद्ध वर्तुळ होते. तेथे सरळ भाग असा नाहीच. घसरण एकदा सुरू झाली की शर्यत संपेपर्यंत संपावयाची नाही. त्यातील एका खड्डेमय भागाला चालकांनी ठेवलेले नाव मराठीत 'ओकारीचा खळगा' असे होईल. सुसंस्कृत श्रोत्यांसमोर ते उच्चारल्याबद्दल क्षमा मागतो. पण चालकांच्या पोटाची अवस्था याहून सभ्य शब्दांत सांगता येत नाही. १९६५ साली तेथील मातीवर डांबर आले आणि १९७१ साली ते मैदानच बंद झाले.

या सगळ्या परंपरेचे पंढरपूर म्हणजे इंडियानापोलिस. तेथील अडीच मैलांचे मैदान १९०९ साली बांधले गेले. पहिल्याच शर्यतींत पृष्ठभाग उखडला, माणसे दगावली. तेव्हा त्याच वर्षी बत्तीस लाख विटांची फरसबंदी करण्यात आली. ३० मे १९११ रोजी तेथे पाचशे मैलांची, म्हणजे दोनशे फेऱ्यांची, पहिली शर्यत झाली. ती रे हॅरून याने ताशी सुमारे ७४.६ मैलांच्या सरासरीने जिंकली. इतरांच्या शेजारी एकेक कारागीर बसलेला होता आणि मागून येणाऱ्यांवर नजर ठेवीत होता. हॅरून एकटाच होता. म्हणून त्याने समोर एक आरसा बसवून घेतला. पुढे तो स्वतःच सांगत असे, की विटांवरच्या हादऱ्यांमुळे त्या आरशात काहीच दिसले नाही!

३० मे हा तेथे मृत सैनिकांच्या स्मरणाचा दिवस होता आणि १९७० पर्यंत शर्यत त्या दिवसाशी जोडलेली राहिली. आमच्या जबलपूरला त्या सुमारास लू वाहत असते आणि शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. तेथेही उन्हाळा कधी कधी कमी दाहक नसे. १९५३ च्या शर्यतीत उष्म्याने अनेक चालकांनी मध्येच दुसऱ्याच्या हाती मोटार दिली आणि कार्ल स्कारबरो हा चालक उष्माघाताने दगावला. कॅलिफोर्नियाच्या फ्रेस्नो गावचा बिल व्हुकोविच मात्र पाचशे मैल एकटा चालवीत राहिला आणि जिंकला. आदल्या वर्षी शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असता, आघाडीवर असतानाच, त्याच्या स्टिअरिंगचा एक भाग मोडला होता. १९५४ साली तो पुन्हा जिंकला. १९५५ साली तिसऱ्यांदा आघाडीवर असताना, सत्तावन्नाव्या फेरीत, पुढे झालेल्या अपघातात सापडून तो ठार झाला. हा मितभाषी मनुष्य होता. कदाचित म्हणूनच त्याच्याविषयी इतरांना बोलावेसे वाटत असावे.

त्या काळच्या मोटारींत बहुधा एकच इंजिन असे, ऑफेनहाउजर नावाचे. हॅरी मिलर, फ्रेड ऑफेनहाउजर आणि नकाशे आखणारा लिओ गूसेन या तिघांच्या हातून ते घडले. चार सिलिंडरांचे हे इंजिन एका बाबतीत फार चतुर होते: सिलिंडर आणि त्यांचा माथा एकाच ओतकामात केलेला असल्यामुळे मध्ये गॅस्केट नाही आणि म्हणून ते फुटण्याचीही भीती नाही. १९४७ पासून १९६४ पर्यंत इंडियानापोलिसची प्रत्येक शर्यत या इंजिनाने जिंकली. मोटारीही त्या मैदानासाठीच घडविलेल्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून इंजिन आणि इतर जड भाग आधीच डावीकडे सरकविलेले असत. जॉर्ज सालिह याने तर इंजिन जवळजवळ आडवे निजविले. त्याच्या त्या एकाच मोटारीने १९५७ साली सॅम हँक्सला आणि १९५८ साली जिमी ब्रायनला विजय मिळवून दिला.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ही शर्यत लाखो लोकांनी पाहिली असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यांतील बहुसंख्यांनी ती ऐकली. १९४९ आणि १९५० साली स्थानिक दूरचित्रवाणीवर ती दाखविण्यात आली खरी, परंतु घरबसल्या पाहावयास मिळाले तर तिकिटे कोण काढणार, या भीतीने तो प्रकार बंद झाला. १९५२ पासून मैदानाने स्वतःची रेडिओ-यंत्रणा उभी केली आणि सिड कॉलिन्स हा तिचा प्रमुख आवाज झाला. तो आवाज १९७६ पर्यंत टिकला. प्रत्येक वळणावर एक निवेदक असे; मोटार पहिल्या वळणावरच्या माणसाच्या नजरेआड झाली की दुसऱ्या वळणावरचा ती आपल्या ताब्यात घेई. बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी धावते वर्णन ऐकत ज्यांनी रेडिओशेजारी दुपारी काढल्या, त्यांना हा आनंद सांगण्याची गरज नाही. मौज अशी, की या शर्यतीचे जे ब्रीदवाक्य जगभर गाजले त्यात तिला 'सर्वांत भव्य देखावा' म्हटले आहे. आणि ते रूढ झाले ते रेडिओवरून, ज्यांना काहीच दिसत नव्हते अशा लोकांना उद्देशून! परंतु कोठारात ट्रॅक्टर दुरुस्त करताना, अंगणात स्वयंपाकाची शेगडी पेटविताना ज्यांनी ती ऐकली, त्यांनी ती पाहिली नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

त्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात एक दिवस कायमचा राहिला आहे. एडी सॅक्स हा चालक हसतमुख, गप्पिष्ट, प्रेक्षकांचा लाडका. १९६१ साली केवळ तीन फेऱ्या उरल्या असता तो पहिला होता. पण मागचे टायर झिजून आतले धागे दिसू लागले होते. तसेच पुढे दामटावे की थांबावे? तो थांबला, टायर बदलले, आणि सुमारे आठ सेकंदांनी ए. जे. फॉइटकडून हरला. जिवापेक्षा विजय मोठा न मानणारा हा माणूस. १९६४ साली दुसरी फेरी संपत असताना डेव्ह मॅकडोनाल्डची मोटार आतल्या भिंतीवर आदळून पेटली आणि पुन्हा मार्गात आली; मागून येणारा सॅक्स तिच्यावर आदळला. सॅक्स तेथेच गेला, मॅकडोनाल्ड त्या दिवशीच रुग्णालयात. अपघातासाठी शर्यत थांबविण्याची ती पहिलीच वेळ होती. मृत्यूची वार्ता हाती आली तेव्हा कॉलिन्सपुढे लिहिलेला कागद नव्हता. आम्ही भाषणे करणारे लोक कागदावरून वाचतो आणि तरीही अडखळतो. तो मनुष्य आपल्या मित्राविषयी तेथल्या तेथे, शांतपणे, जीवन आणि मृत्यू यांविषयी काही मिनिटे बोलला. त्या शब्दांची प्रत मागणारी हजारो पत्रे नंतर आली.

ज्या खेळात अशी माणसे जळतात त्याच्या आठवणी प्रेमाने का काढाव्यात, हा प्रश्न मला वाचताना सतत टोचत होता. काही रसिक लिहितात की त्या काळी पुरुष खरे पुरुष होते, आता सारे मऊ झाले. हे मला मान्य नाही. चालकाच्या डोक्यामागची संरक्षक कमान १९५९ साली सक्तीची झाली, तीही आदल्या वर्षी पॅट ओकॉनर मेल्यानंतर. १९६४ नंतर पेट्रोल जाऊन मद्यार्काचे इंधन आले, कारण ती आग पाण्याने विझते. हे आधी सुचले असते तर कोणाचे पौरुष उणे झाले नसते. परंतु दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे, की बहुतेक रसिक मृत्यू लपवीत नाहीत. विजेत्यांची यादी ते चुकतील. गेलेल्यांची नावे, कोणत्या मैदानावर, कितव्या फेरीत, हे चुकत नाहीत. आपल्याकडे सर्वपित्रीला ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांचेही स्मरण करतात. येथे तर तिथी घराघरांत पाठ आहे.

मोटारींचेही असेच झाले. १९६१ साली जॅक ब्रॅबहॅम मागे इंजिन असलेली एक चिमुकली कूपर घेऊन आला. लोक हसले; तो नववा आला. चारच वर्षांत, १९६५ साली, जिम क्लार्क मागे इंजिन असलेल्या लोटसने जिंकला आणि पुढे इंजिन असलेल्या त्या लांबलचक मोटारींचे दिवस संपले. १९७० नंतर मातीवरील शर्यती राष्ट्रीय अजिंक्यपदातून वगळण्यात आल्या. नव्या मोटारी निःसंशय अधिक वेगवान होत्या, आणि कूपरला हसणारे चुकलेच होते. तरी ज्या कारागिरांनी तीस वर्षे एकाच इंजिनावर हात बसविला त्यांचे कौशल्य एका हंगामात जुने झाले, हे दुःख जबलपूरच्या कोणाही जुन्या फिटरला कळेल.

अमेरिकेत आता जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. मातीवर धावणाऱ्या त्या लहान मोटारींना स्वतःहून सुरू होण्याची सोय नसते. मागून दुसऱ्या गाडीने ढकलावे लागते. मोटार काही अंतर मुकाट्याने घरंगळते, एकदा खोकते, दोनदा खोकते, मग चारही सिलिंडर एकदम पेटतात, आणि कुंपणाशी खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी मंडळी उठून उभी राहतात.