बास्केटबॉलचे आचार्य : डॉ. फॉरेस्ट ॲलन

एखादा खेळ निर्माण करणें निराळें आणि त्याचें शास्त्र घडविणें निराळें. बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ. हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना बंद दालनांत व्यायाम मिळावा, एवढ्याच हेतूनें त्यांनीं १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर टांगल्या आणि हा खेळ जन्मास आला. पुढें ते कॅन्सस विद्यापीठांत गेले. तेथें फॉरेस्ट ॲलन हे त्यांचे शिष्य झाले.

शिष्यास दुसऱ्या एका महाविद्यालयाकडून या खेळाचा शिक्षक म्हणून बोलावणें आलें, तेव्हां गुरूंना त्याचें नवल वाटलें. हा खेळ शिकवावयाचा नसतो, नुसता खेळावयाचा असतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं काढल्याचें सांगतात. विद्यापीठाच्या संघाचें जय-पराजयाचें गणित त्यांनीं फारसें मनावर घेतलेंच नाहीं. त्यांच्या कारकीर्दींत ५५ विजय आणि ६० पराभव झाले. ॲलन यांनीं मात्र पवित्रा, चेंडूची फेंक, प्रतिपक्षाची अडवणूक यांचे पद्धतशीर पाठ दिले. अस्थि व स्नायु यांवरील उपचारांचेंहि शिक्षण घेतलेले असल्यामुळें खेळाडूंच्या दुखापतींवर ते स्वतःच इलाज करीत. कॅन्सस येथील ३९ हंगामांत त्यांच्या संघानें ५९० सामने जिंकले.

१९२७ सालीं नियममंडळानें ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटीत पुढें नेणें, एकाच टप्प्यापुरतें मर्यादित करण्याचें ठरविलें. तसें झालें असतें तर खेळांतील चापल्यच हरपलें असतें. ॲलन यांनीं ठिकठिकाणचे शिक्षक एकत्र केले. नियम मागें घेण्यांत आला आणि त्यांतूनच शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उदयास आली. तिचे पहिले अध्यक्ष ॲलनच होते.

ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलला स्थान मिळावें म्हणूनहि त्यांनीं अविश्रांत खटपट केली. १९३६ सालीं बर्लिन येथें ती फळास आली. अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसांत व चिखलांत झाला. अमेरिकेनें कॅनडावर १९ विरुद्ध ८ असा विजय मिळविला. वृद्ध नेस्मिथ त्या वेळीं बर्लिनमध्यें उपस्थित होते. आपलें अपत्य जगन्मान्य झालेलें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, तें या शिष्याच्या प्रयत्नांमुळें.

ॲलन यांचे शिष्य ॲडॉल्फ रप व डीन स्मिथ हे पुढें स्वतः नामांकित शिक्षक झाले. खेळ शिकवितां येतो, याचें याहून दुसरें प्रमाण तें कोणतें? १९५५ सालीं विद्यापीठानें बांधलेल्या क्रीडागृहास ॲलन यांचें नांव देण्यांत आलें. त्यांतील क्रीडांगण मात्र नेस्मिथ यांच्या नांवें ओळखलें जातें. शिष्याच्या छत्राखालीं गुरूंची भूमि अशी तेथें नांदत आहे.