सातबाऱ्यावर झुडपी, जमिनीवर वस्ती

वरठीला रेल्वेने उतरलात तर पाटी दिसते भंडारा रोडची. मुंबई-हावडा मार्गावरचं हे स्टेशन आणि ऐंशीच्या दशकात आलेला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना यांच्या आधाराने गाव जुन्या आबादीबाहेर पसरत गेलं. असं वाढणाऱ्या गावांत घर आधी उभं राहतं आणि नियम मागाहून दारात येतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराची नोंद होते, घरटॅक्स भरला जातो, विजेचं मीटर लागतं. सातबाऱ्यावर मात्र तिथे अजून शेतीच असते. मुलाच्या लग्नाआधी वर दोन खोल्या चढवाव्यात म्हणून कर्जाला बँकेत गेलं की अकृषक आदेश मागतात आणि घरमालक पटवाऱ्याकडे खेपा घालू लागतो.

मागे वळून पाहिलं तर 1966 साली राज्यात दोन कायदे झाले, जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. दुसऱ्या कायद्याचं कलम 56 मला फार न्याय्य वाटतं. परवानगीने उभं असलेलं बांधकाम किंवा जमिनीचा रीतसर वापर नंतरच्या आराखड्याशी जुळत नसेल, तर नियोजन प्राधिकरण तो थांबवू शकतं, पण त्याची भरपाई द्यावी लागते. म्हणजे नियम बदलला त्याचा भार नियम बदलणाऱ्यावर. खेड्यातल्या घराला या तत्त्वाचा उपयोग होत नाही, कारण त्याच्याकडे मुळात परवानगीचा कागदच नसतो. त्याच्या वाट्याला आल्या त्या फक्त सवलतीच्या तारखा. 2017 मध्ये नगररचना कायद्यात 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय झाली. महसूल संहितेत कलम 42-ड आलं आणि गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन, कर भरल्यावर, निवासासाठी अकृषक झाली असं मानलं जाऊ लागलं.

पण पूर्व विदर्भाचं खरं दुखणं याहून जुनं आहे, ते म्हणजे झुडपी जंगल. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेशातून आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, तेव्हा त्यांच्याबरोबर ही नोंदही आली. गुरं चारायची, जळणाचं लाकूड आणायचं, अशा गावच्या निस्तारासाठी ठेवलेली खुरट्या झाडोऱ्याची ही जमीन. महसूल खात्याने तिच्यावर पट्टे दिले, शाळा बांधल्या, स्मशानं ठेवली. मग 25 ऑक्टोबर 1980 ला वन संवर्धन कायदा लागू झाला आणि 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंद असलेली जमीन, मालकी कुणाचीही असो, वनच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या 86 हजार हेक्टरांहून अधिक जमिनीचा प्रश्न त्यामुळे लोंबकळला. ही जमीन वनीकरणाला योग्य नाही, असं राज्य सरकारच सांगत होतं. नागपुरातल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीसारख्या वास्तूही त्या नोंदीत सापडल्या, तिथे साध्या माणसाच्या घराचं काय!

22 मे 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच राहील. मात्र 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने जिल्हावार एकत्रित प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा. त्यासाठी पर्यायी वनीकरणाची किंवा वनाच्या निव्वळ वर्तमान मूल्याची अट नाही. त्यानंतरच्या वाटपाची कारणं राज्याला द्यावी लागतील आणि नियम मोडून वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याची खात्री करूनच केंद्र अशा वाटपाचा विचार करील. या शेवटच्या अटीचं मला मनापासून समाधान आहे. इतकी वर्षं अतिक्रमणदार म्हणून बोट रहिवाशाकडेच होतं. ज्याने सही-शिक्क्याचा पट्टा हाती दिला, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तरीही एका रेषेने शेजारी-शेजारी वेगळे होतात. 1995 चा पट्टा असलेला सुटतो, 1997 चा अडकतो, दोघांच्या भिंती मात्र सामाईक. आणि पट्ट्याविना पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्याला वाटपाच्या या भाषेत जागाच नाही. मला वाटतं, पुराव्याचं ओझं रहिवाशावर टाकणं चूक आहे. पट्टा घरात वाळवीने खाल्ला असेल, पुरात गेला असेल, पण त्याचा मूळ आदेश तहसीलच्या दप्तरात असायला हवा, कारण तो तिथूनच निघाला. ग्रामसभांनी ठराव करून त्या आदेशांची गावनिहाय यादी आणि प्रमाणित प्रती तहसीलदारांकडे मागाव्यात, जोडीला 1996 पूर्वीच्या घरटॅक्स आकारणीच्या नोंदवह्याही बाहेर काढाव्यात. जिल्ह्याचा प्रस्ताव एकदा दिल्लीला गेला, की त्यात नाव नसलेल्याला पुन्हा एकट्यानेच पटवाऱ्यापासून सुरुवात करावी लागेल.