नुसत्या धीराने हात बसत नाही

आजारी माणसाला आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्याला आपल्याकडे एक गोष्ट भरपूर मिळते, ती म्हणजे धीर. भेटायला येणारा शहाळं ठेवतो, ‘हिंमत सोडू नका, सगळं जमेल’ म्हणतो आणि निघतो. पण ‘हे मला जमेल’ ही खात्री माणसात नेमकी कशाने येते, यावर जवळपास पन्नास वर्षं संशोधन चाललं आहे आणि त्याचे निष्कर्ष या धीराच्या फारसे बाजूने नाहीत. मानसशास्त्रात या खात्रीला स्व-क्षमता म्हणतात. शब्द जड आहे. इथे ‘खात्री’वरच भागवू.

गैरसमज : हा स्वभावाचा भाग आहे. काही माणसं मुळातच खमकी असतात.

खमकी माणसं असतात, त्याबद्दल वाद नाही. पण स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही कल्पना वेगळीच आहे. त्यांच्या मते खात्री त्या त्या कामापुरती असते. सासऱ्यांना रोज न चुकता इन्सुलिन टोचणारी सून त्यांच्या नाकात नळी घातलेली पाहिली की मागे सरते. बाई तीच, सासरे तेच. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत ‘तुम्हाला आत्मविश्वास आहे का’ असं मोघम विचारत नाहीत. एकेक काम समोर ठेवतात आणि ते कितपत खात्रीने कराल, याचा आकडा मागतात.

गैरसमज : नीट समजावून सांगितलं, धीर दिला, की जमतं.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज हाच. बांडुरांचे सुरुवातीचे प्रयोग सापाला विलक्षण घाबरणाऱ्या लोकांवर होते. त्यांना कोणी व्याख्यान देत बसलं नाही. उपचारक आधी स्वतः साप हाताळून दाखवायचे, मग त्या माणसाला एकेक पायरी पुढे न्यायचे : लांबून बघणं, जवळ येणं, स्पर्श करणं, शेवटी हातात धरणं. यातून बांडुरांनी खात्रीचे चार स्रोत सांगितले. पहिला आणि सर्वांत बळकट म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं. तिसरा, दुसऱ्याने दिलेला हुरूप. चौथा, आपल्याच शरीराची भाषा. हात कापायला लागले की माणूस ठरवून टाकतो, हे आपलं काम नाही. म्हणजे भेटायला येणारे देतात तो धीर या यादीत आहे, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर खात्री फार दिवस टिकत नाही. पहिल्या फजितीत ती उडते.

आता कुठल्याही वॉर्डातली डिस्चार्जची सकाळ आठवा. पेशंटला राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी आहे. सिस्टर घाईत सांगते, ‘डोकं वर ठेवा, नळीवरची खूण जागच्या जागी आहे ना ते बघा, फीड सावकाश सोडा, शेवटी पाणी घाला. समजलं ना?’ या प्रश्नाला ‘हो’ सोडून उत्तर नसतं. रात्री घरी मात्र सिरिंज किती उंच धरायची, खोकला आला तर काय करायचं, काही सुचत नाही.

हीच सिस्टर ‘ताई, आता हे फीड तुम्ही द्या, मी इथेच उभी आहे’ म्हणाली तर चित्र बदलतं. ताईंचा हात थरथरतो. सिरिंज लावताना नळी चिमटीत दाबून धरायची राहते आणि थोडं फीड चादरीवर येतं. सिस्टर तिथल्या तिथे नळी दाबायला लावते, आणि खोकला किंवा धाप लागली तर फीड लगेच थांबवायचं, हे हातात सिरिंज असतानाच सांगते. पुढच्या फीडला सांडत नाही. आता ताईंकडे ‘मी दिलंय’ हा पुरावा आहे. सिस्टरची जास्तीची वीस मिनिटं गेली. आपल्या वॉर्डात तीच नसतात, हे खरं दुखणं.

गैरसमज : हे शिकवायला डॉक्टरच हवेत.

स्टॅनफर्डमध्येच केट लोरिग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला. शिकवणारे डॉक्टर नव्हते, सामान्य लोक होते. त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतःलाच संधिवात. तिथे ‘आता रोज चालणार’ असला संकल्प चालत नाही. कुठे, किती वेळ, कधी आणि आठवड्यातून किती दिवस, हे ठरवायचं. मग शून्य ते दहामध्ये खात्री सांगायची. सातच्या खाली आकडा आला तर माणसाला दामटायचं नाही, बेत लहान करायचा. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत व्यवहारी युक्ती वाटते.

त्यात एक गंमत झाली. रुग्ण व्यायाम करू लागले म्हणून दुखणं कमी झालं, असं आधी वाटलं होतं. ताडून पाहिल्यावर व्यायाम आणि आराम यांचा संबंध अगदीच क्षीण निघाला. दुखण्यावर आपली काही सत्ता चालते, ही खात्री ज्यांच्यात वाढली, त्यांना बरं वाटण्याशी तिचा धागा जास्त पक्का जुळला.

डॉक्टर नसलेल्यांनी शिकवण्याचं आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. तिथल्या दोन तालुक्यांत डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांच्या ८१ कुटुंबांवर चाचणी झाली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन सहा महिने, निदान पंधरवड्याला एकदा, घरी पाठवलं. हा आजार आहे, हट्टीपणा नव्हे, हे समजावणं, विचित्र वागण्याला कसं तोंड द्यायचं ते दाखवणं, इतर नातेवाइकांना हातभार लावायला तयार करणं, असं त्यांचं काम. पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास घटला. रुग्णाच्या कामकाजाच्या क्षमतेत मात्र ठोस फरक दिसला नाही.

गैरसमज : समर्थ काळजीवाहक तोच, जो सगळं एकट्याने निभावतो.

डिमेन्शियाच्या काळजीवाहकांची खात्री मोजण्यासाठी अमेरिकेत एक प्रश्नावली वापरतात, २००२ मध्ये ती सुधारून प्रसिद्ध झाली. तिचे तीन भाग आहेत. एक रुग्णाच्या त्रासदायक वागण्याला उत्तर देण्याचा, एक स्वतःच्या मनातले काळे विचार आवरण्याचा. आणि उरलेला? ‘मला थोडी उसंत हवी, तू दिवसभर बस’ असं दुसऱ्याला सांगता येण्याचा. मदत मागणं ही इथे क्षमता म्हणून मोजली जाते. आपल्या घरांत मात्र चार वर्षं सासूचं सगळं अंथरुणावर करणारी सून एक दिवस माहेरी गेली की कुजबुज सुरू होते. पुण्यामुंबईच्या दिरांचे फोन येतात, ते स्वतः येत नाहीत. त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेणं हे त्या सुनेसाठी नळीतून फीड देण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि तेही सरावानेच जमतं.

गैरसमज : खात्री जितकी जास्त तितकं बरं.

ओहायो विद्यापीठातल्या जेफ्री व्हँकुव्हर यांनी २००२ मध्ये एका बुद्धिखेळावर केलेल्या प्रयोगांत खात्री वाढल्यावर कामगिरी घसरल्याचं आढळलं. ‘मला येतंय’ म्हणणारा पडताळायचं सोडतो. नळीवरची खूण बघायची राहते ती अशाच दिवशी.

गैरसमज : खात्री वाढली की आजार हटतो, खर्चही वाचतो.

लोरिग यांच्या वर्गातल्या रुग्णांचं चार वर्षांनी दुखणं सरासरी २० टक्के कमी होतं, डॉक्टरकडच्या खेपा ४० टक्के घटल्या होत्या. त्याच काळात त्यांचं अपंगत्व ९ टक्के वाढलं होतं. सांध्यांची झीज आपल्या गतीने चालूच होती. याच धर्तीवर इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने कार्यक्रम राबवला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२९ जणांच्या चाचणीत खात्री आणि उत्साह वाढला, पण दवाखान्याचा वापर काही कमी झाला नाही.

आणि भारतातली मोठी चाचणी २०१७ ची. पक्षाघाताच्या १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्या एका माणसाला पुनर्वसनाचे व्यायाम शिकवले, सुरुवात रुग्णालयात आणि पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण सारखंच होतं, ४७ टक्के. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा घरच्यांच्या फुकट कष्टांनी भरून निघेल, या आशेला हे सरळ उत्तर आहे.

तुमचं माणूस उद्या घरी सोडणार असतील तर आजच सिस्टरना सांगा : ‘मला करून बघायचंय, तुम्ही चुका सांगा.’ आणि फिजिओथेरपिस्ट घरी कधी येणार, तेही निघण्याआधी पक्कं करून घ्या.