स्वतःचे भाग घडवणारा प्रिंटर

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘रेपरॅप’ प्रकल्पाचा हेतू असा होता की, वितळलेल्या प्लास्टिकचे थर एकावर एक रचून वस्तू घडवणाऱ्या यंत्राने, म्हणजेच थ्रीडी प्रिंटरने, स्वतःचेच बरेचसे भाग तयार करावेत आणि त्याचे आराखडे कोणालाही विनामूल्य वापरता व सुधारता यावेत. मोटारी, दांडे आणि सर्किट बोर्ड मात्र बाजारातूनच आणावे लागत, म्हणून स्वजननाचा दावा अर्धाच खरा. असा प्रिंटर जोडणाऱ्या हौशी कारागिरांची खरी कसोटी अचूकतेत लागते: एका फेऱ्यात २०० पावले टाकणाऱ्या स्टेपर मोटारीवर २० दात्यांची पुली आणि दर २ मिलिमीटरला दाता असलेला पट्टा बसवल्यास प्रत्येक पूर्ण पावलागणिक मुद्रणशीर्ष ०.२ मिलिमीटर सरकते. पट्टा ढिला राहिला, तर वर्तुळे लंबगोल उमटतात.