अमेरिकन फूटबॉल व खेळाडूंची पारख

फूटबॉल म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें पायानें उडविला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत त्याच नांवानें जो खेळ लोकप्रिय आहे, त्याची गोष्ट निराळी. तेथील चेंडू लांबट असतो. तो बहुधा हातानें फेकला जातो, अगर छातीशीं कवटाळून नेला जातो. आणि अंगावर कवच व डोक्यावर शिरस्त्राण चढविल्यावांचून अकरांपैकीं एकही गडी मैदानांत उतरत नाहीं. या खेळाचे नियम सांगण्यास येथें जागा नाहीं. महाविद्यालयांत खेळणाऱ्या तरुणांमधून धंदेवाईक संघ आपले गडी कसे निवडतात, आणि ही निवड करणारे जाणते लोकही वारंवार कसे फसतात, एवढेंच सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. परीक्षा, गुण आणि पारख हे विषय शाळेंतील मंडळींना व त्यांच्या पालकांना कांहीं परके नाहींत.

पूर्वीं श्रीमंत संघ अधिक पैसा देऊन उत्तम खेळाडू ओढून नेत, आणि दुबळे संघ दुबळेच राहत. १९३५ सालीं फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनीं अशी सूचना मांडली कीं, महाविद्यालयें सोडणाऱ्या खेळाडूंची एक यादी करावी, आणि जो संघ गेल्या हंगामांत सर्वांच्या खालीं राहिला असेल त्यानें पहिल्यानें निवड करावी. ती मान्य झाली. ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं पहिली निवड झाली, तेव्हां तळाशीं असलेला संघ बेल यांचाच होता! सूचनेंतील परोपकाराचें माप त्यामुळें थोडें कमी भरतें खरें. पण पद्धत न्याय्य होती, म्हणूनच ती टिकली. या पद्धतीला तेथें ‘ड्राफ्ट’ म्हणतात.

त्या दिवशीं फळ्यावर सुमारें ९० नांवें लिहिलेलीं होतीं. संघांजवळ फिरते पारखी असे कोणी नव्हतेच. न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या वेलिंग्टन मारा यांच्यासारखा एखादा उत्साही तरुण गांवोगांवचीं वर्तमानपत्रें वाचून टिपणें करी, तेवढेंच. पहिली निवड शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगर या नामांकित खेळाडूची झाली, आणि हा गृहस्थ पैशासाठीं एकही सामना खेळला नाहीं.

आज ३२ संघ आहेत. निवडीच्या सात फेऱ्या होतात आणि सुमारें अडीचशें तरुण निवडले जातात. हायस्कूल सोडून तीन वर्षें झाल्यावांचून कोणासही यांत घेत नाहींत. निवडीपूर्वीं तीनशेंहून अधिक उमेदवारांना एकत्र बोलावून त्यांची शारीरिक परीक्षा घेतात. १९८७ पासून ही परीक्षा इंडियानापोलिस शहरांत होत आली आहे. उंची, वजन, हाताची लांबी, इतकेंच काय, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीतही मोजतात. ४० यार्ड धांवावयाचें, उभ्यानें उंच व लांब उडी मारावयाची, पाठीवर निजून २२५ पौंडांचें वजन जितक्या वेळां उचलवेल तितक्या वेळां उचलावयाचें. डॉक्टर सांधे दाबून पाहतात. पूर्वीं १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडविण्याची बुद्धिपरीक्षाही असे. ती २०२२ सालीं सोडून देण्यांत आली.

४० यार्डांच्या धांवेची चर्चा सर्वांत अधिक होते. परंतु पुढील रांगेंतील धिप्पाड गड्याला सामन्यांत सरळ ४० यार्ड धांवण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्याचें सारें काम पहिल्या दोन-चार पावलांत होऊन जातें. म्हणून शहाणा पारखी त्याच्या धांवेचे पहिले दहा यार्डच पाहतो, आणि त्याहूनही अधिक त्याचीं पावलें पाहतो. धक्का बसल्यावर पाय जागीं राहतात कीं तोल जातो, तें घड्याळ सांगत नाहीं.

खरी पारख चित्रपटांवरून होते. उंचावरून घेतलेल्या चित्रांत बावीसही गडी दिसतात, आणि पारखी एकेक डाव पुनःपुन्हां पाहतो. सर्वांत अवघड पारख ‘क्वार्टरबॅक’ची, म्हणजे डावाची सूत्रें हातीं असणाऱ्या व चेंडू फेकणाऱ्या गड्याची. महाविद्यालयीन खेळांत त्याचा जोडीदार पुष्कळदां मोकळा उभा असतो. त्याला पाहून चेंडू फेकला कीं झालें. धंदेवाईक खेळांत जोडीदार मोकळा होण्यापूर्वींच, तो जेथें पोहोंचणार त्या जागीं चेंडू सोडावा लागतो, आणि तोही अंगावर धांवून येणाऱ्या प्रतिपक्षाकडे लक्ष न देतां. हें धैर्य आणि ही समज विजयाच्या खेळांत दिसून येत नाहीं. डाव फसला, मार बसला, त्यानंतरच्या डावांत गडी काय करतो, तें पाहावें लागतें. याखेरीज प्रतिपक्ष किती बळकट होता हाही प्रश्न असतोच. जेरी राइस हा मिसिसिपीतील एका लहानशा महाविद्यालयाचा खेळाडू. १९८५ सालीं तो सोळावा निवडला गेला, आणि निवृत्त झाला तेव्हां चेंडू झेलून मिळविलेल्या यार्डांत (२२,८९५) सर्वांच्या पुढें होता.

१९९८ सालीं पेटन मॅनिंग व रायन लीफ या दोघांत श्रेष्ठ कोण, याविषयीं जाणत्यांचा मोठा वाद चालला होता. मॅनिंग पहिला निवडला गेला, लीफ दुसरा. पुढें मॅनिंगला वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पांच वेळां मिळाला; लीफची कारकीर्द चार हंगामांतच संपली. उलट २००० सालीं टॉम ब्रेडी नांवाच्या तरुणास ४० यार्ड धांवण्यास ५.२८ सेकंद लागले, आणि शरीरही सडपातळ. सहाव्या फेरींत, १९८ जण निवडल्यावर, न्यू इंग्लंडनें त्याचें नांव घेतलें. त्यानें अंतिम विजेतेपद सात वेळां मिळविलें. आमच्याकडेही असें घडलें आहे. २००८ सालीं आयपीएलमध्यें एकोणीस वर्षांखालील खेळाडूंची अशीच निवड झाली, तेव्हां दिल्लीच्या संघानें दिल्लीच्याच विराट कोहलीस सोडून दुसऱ्या एका गोलंदाजास घेतलें.

पारख्यांचीच पारख करण्याचाही प्रयत्न झाला आहे. केड मॅसी व रिचर्ड थेलर (यांपैकीं थेलर यांस २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें) यांनीं अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. एकाच जागेसाठीं लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकीं आधीं निवडलेला सरस ठरण्याचा संभव नाणेफेकीहून किंचितच अधिक, असें त्यांना आढळलें. तरीही आधींची पाळी मिळविण्यासाठीं संघ भारी किंमत मोजतात. आमच्या मतें याचें कारण उघड आहे. सेकंद आणि पौंड कागदावर मांडतां येतात, आणि जें मांडतां येतें तेंच मालकाला पटवून देतां येतें.

सर्वांत शेवटीं निवडल्या जाणाऱ्या तरुणाची तेथें थट्टेनें ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे ‘श्रीयुत बिनमहत्त्वाचे’, अशी संभावना करतात, आणि १९७६ पासून कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथें त्याचा लटका सत्कारही होतो. २०२२ सालीं ही पदवी २६२ व्या क्रमांकाच्या ब्रॉक पर्डीकडे आली. त्याच हंगामांत सॅन फ्रान्सिस्को संघाचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले आणि चेंडू त्याच्या हातीं आला. फेब्रुवारी २०२४ मध्यें अंतिम सामन्यांत त्या संघाचीं सूत्रें पर्डीकडेच होतीं. जादा वेळेपर्यंत लांबलेला तो सामना त्याच्या संघानें तीन गुणांनीं गमावला.